कृत्रिम मानवाचे शेजारी

अनोळखी मनुष्य दारांत येऊन उभा राहिला म्हणजे आपण त्याला कांहीं ठराविक प्रश्न विचारतों. नांव काय, गांव कोणतें, कोणाच्या घरचे, कोणीं पाठविलें, काय काम काढलें? उत्तरें जशीं मिळतील तसा त्याचा आदर होतो. कोणाला माजघरांत पाट मांडला जातो, कोणाला ओसरीवर पाणी मिळतें, आणि कोणाला उंबऱ्यावरूनच वाट दाखविली जाते. आतां असा एक पाहुणा कल्पनेनें समोर उभा करावा, कीं ज्याला आई नाहीं, बाप नाहीं, गोत नाहीं, गांव नाहीं आणि बहुधा नांवहि नाहीं. तो जन्मलेला नाहीं; कोणीं तरी त्याला घडविलें आहे. मात्र त्याला दोन हात आहेत, दोन डोळे आहेत आणि माणसाचा चेहरा आहे. अशा पाहुण्याशीं कोणत्या नात्यानें वागावें?

हा प्रश्न पाश्चात्य चित्रपटांनीं गेल्या शंभर वर्षांत पुनःपुनः विचारला आहे. त्यांतील जुने व नांवाजलेले चित्रपट आपल्याकडे बहुधा भीतीच्या गोष्टी म्हणून ओळखले जातात. स्मशान, वीज, प्रयोगशाळा, किंकाळी आणि पलिते घेऊन धांवणारा जमाव एवढें सामान त्यांत असतें हें खरें. परंतु हें सामान बाजूला सारून पाहिलें, तर त्यांत नात्यांची गोष्ट दिसूं लागते. घडविलेल्या माणसाकडे कोणीं नोकर म्हणून पाहिलें, कोणीं पत्नी म्हणून. कोणीं त्याला लेकराप्रमाणें जन्म दिला आणि टाकून दिलें. एका आंधळ्यानें त्याला मित्र म्हटलें. याच क्रमानें कांहीं निवडक चित्रपटांचा इतिहास आम्ही येथें पाहणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं या कथांतील अनर्थाचें मूळ कृत्रिम मानवाच्या घडणींत क्वचितच सांपडतें. माणसाला त्याच्यापासून नात्याचा लाभ हवा असतो आणि नात्याचें देणें नको असतें. तेथून अनर्थास आरंभ होतो.

घडीव माणसाची कल्पना आपल्या वाङ्मयास नवी नाहीं. ११ व्या शतकांतील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरां’त राज्यधर नांवाचा एक कुशल सुतार आहे. तो ज्या नगरांत राहतो तेथील व्यापारी, गणिका, नागरिक, सारी प्रजा लांकडाची. ती सजीवाप्रमाणें हालते-चालते. बोलत नाहीं, एवढ्यावरूनच ती निर्जीव असल्याचें ओळखूं येतें. ही प्रजा आपल्या राजापाशीं कांहींच मागत नाहीं, म्हणून त्या कथेंत आमचा प्रश्नहि उद्भवत नाहीं. पडद्यावरचा कृत्रिम मानव मात्र कांहीं तरी मागतो. बहुतेक वेळां त्याला मागतां येत नाहीं, पण तो हात पुढें करतो.

१

पहिला मान प्राग शहरांतील मातीच्या माणसाचा. रब्बी लोव हा प्रागच्या ज्यू लोकांचा धर्मगुरु ऐतिहासिक पुरुष असून तो १६०९ सालीं वारला. त्यानें मातीचा माणूस घडवून त्यांत प्राण घातला, ही दंतकथा त्याच्या नांवाशीं जोडली गेली ती मात्र पुष्कळ मागाहून, १९ व्या शतकांत. पॉल वेगेनर या जर्मन नटाला गोलेमच्या या कथेनें जणूं झपाटलें होतें. १९१५, १९१७ व १९२० अशा तीन वेळां त्यानें गोलेम पडद्यावर आणला. त्यांतील तिसरा मूकपट आज सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याचें दिग्दर्शन वेगेनर व कार्ल बोझे यांचें. त्यांतील वांकड्यातिकड्या घरांची अरुंद वस्ती हान्स पोल्झिग या वास्तुशास्त्रज्ञानें उभारली, आणि गोलेमची भूमिका स्वतः वेगेनरनें केली.

ज्यू लोकांनीं शहर सोडून जावें अशी बादशहाची आज्ञा होते. आपल्या लोकांच्या रक्षणासाठीं लोव मातीचा पुतळा घडवितो, आणि मंत्राचा शब्द एका ताऱ्यांत घालून तो तारा त्याच्या छातीवर बसवितो. पुतळा डोळे उघडतो. यापुढें काय होतें तें पाहण्यासारखें आहे. साऱ्या जमातीचा तारणहार म्हणून ज्याला निर्माण केलें, त्याला प्रथम सांगितलीं जाणारीं कामें म्हणजे लांकडें फोडणें, पाणी भरणें आणि टोपली घेऊन बाजारांत जाणें! संकटांत देवासारखा आठवलेला मनुष्य संकटाच्या आधींच घरगडी होऊन बसतो. कोणी त्याला बस म्हणत नाहीं, आणि दमलास का म्हणून तर विचारीतच नाहीं. मातीला कसला आला थकवा, असें लोवच्या घरांतील प्रत्येक जण समजून चालतो.

पुढें हाच गोलेम दरबारांत जातो. तेथें छत कोसळूं लागतें, तें तो आपल्या खांद्यांवर तोलून धरतो. बादशहाचे प्राण वांचतात आणि ज्यू लोकांची हद्दपारी टळते. घरीं परतल्यावर लोव त्याच्या छातीवरचा तारा काढावयास जातो, तेव्हां गोलेम प्रथमच अडवणूक करतो. काम संपलें म्हणून प्राण परत द्यावा, हें त्याला पटत नाहीं. लोवला यांत सैतानाचा संचार दिसतो. आम्हांस वाटतें, एकदां मिळालेला जीव ज्याचा त्याला प्रिय होतो, एवढीच ही साधी गोष्ट आहे. लोव कसाबसा तारा काढून घेतो आणि पुतळा पुन्हां निश्चेष्ट होतो. परंतु लोवचा मदतनीस गुरूच्या मुलीवर अनुरक्त असतो, आणि ती एका सरदाराच्या प्रेमांत असते. मत्सरानें पेटलेला हा मदतनीस गोलेमला पुन्हां जागा करून प्रतिस्पर्ध्यावर सोडतो. गोलेम त्या सरदाराला उंच छपरावरून खालीं फेंकतो आणि वस्ती पेटते. हात मातीचे होते, पण मत्सर माणसाचा होता.

या चित्रपटाचा शेवट आम्हांस फार मोलाचा वाटतो. वेशीचा दरवाजा मोडून गोलेम बाहेर पडतो. बाहेर उन्हांत मुलें खेळत असतात. त्याला पाहून तीं पळतात. एक चिमुरडी तेवढी मागें राहते. तो तिला उचलून घेतो. ती त्याला सफरचंद देऊं करते, आणि खेळतां खेळतां त्याच्या छातीवरचा तारा काढून घेते. ज्याला शिपाई व सरदार आंवरूं शकले नाहींत, तो एका मुलीच्या हातून शांत होतो. काम न सांगतां त्याला कांहीं देऊं करणारीं माणसें या कथेंत अगदीं थोडीं. ही मुलगी त्यांतली शेवटची.

याच प्राग शहरांत, त्याच सुमारास, कारेल चापेक हा नाटककार ‘आर्. यू. आर्.’ हें नाटक लिहीत होता. तें १९२० सालीं छापलें गेलें आणि पुढच्या वर्षीं रंगभूमीवर आलें. कारखान्यांत तयार होणाऱ्या कृत्रिम कामकऱ्यांना काय म्हणावें असा प्रश्न पडला, तेव्हां त्याचा भाऊ योसेफ यानें ‘रोबो’ हा शब्द सुचविला. तो झेक भाषेंतील ‘रोबोटा’ या शब्दावरून आला, आणि त्या शब्दाचा अर्थ सक्तीची मजुरी. आपल्या भाषेंत त्याला अचूक प्रतिशब्द आहे: वेठ. म्हणजे ‘रोबो’ याचें सरळ मराठी ‘वेठबिगार’ असें होईल. साऱ्या जगानें हा शब्द उचलला, पण उचलतांना त्यांतली वेठ गाळून टाकली. तीं नाटकें व हे मूकपट पाहणाऱ्या प्रेक्षकांनीं नुकतेंच १९१४ ते १९१८ चें महायुद्ध भोगलें होतें. हुकुमाबरोबर चालणारीं व हुकुमाबरोबर मरणारीं लाखों माणसें त्यांनीं पाहिलीं होतीं, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे मातीच्या शिपाईगड्याची कथा त्यांच्या मनाला कां भिडली हें समजतें.

२

सेवकानंतर पत्नी. येथें प्रथम एक विनोदी मूकपट आठवतो. अर्न्स्ट लुबिचचा ‘बाहुली’ हा चित्रपट १९१९ चा, म्हणजे वरील गोलेमच्याहि आधींचा. त्याच्या आरंभीं दिग्दर्शक स्वतः पडद्यावर येऊन खेळण्यांतलें घर व झाडें मांडतो, आणि त्या खेळण्यांतूनच कथा सुरू होते. लान्सेलॉट नांवाच्या लाजाळू तरुणाच्या मागें काका लग्नाचा लकडा लावतो. बायकांना घाबरून हा पठ्ठ्या मठांत लपतो. तेथील साधु त्याला युक्ति सांगतात, कीं माणसासारखी बाहुली विकत घे आणि तिच्याशींच लग्न लाव. बाहुल्या करणाऱ्या कारागिराची मुलगी आणि तिच्यावरून केलेली बाहुली या हुबेहूब सारख्या असतात. ऐन वेळीं उमेदवाराच्या हातून बाहुली मोडते, आणि तिच्या जागीं खरी मुलगी उभी राहते. लान्सेलॉट तिला यंत्र समजून घरीं आणतो.

सारी मौज पुढें आहे. जो तरुण जिवंत मुलीपुढें थरथर कांपत होता, तो या ‘बाहुली’शीं अगदीं मोकळेपणें वागतो. कारण उघड आहे. बाहुली रुसत नाहीं, बाहुलीला मत नाहीं, बाहुली आपल्याला हंसेल ही भीति नाहीं. मुलगी मात्र चोरून खाते, नाचते आणि संधि सांपडतांच मान वळविते. शेवटीं ती यंत्र नसून मुलगी आहे हें कळल्यावर त्याला आनंदच होतो. लुबिचनें थट्टेथट्टेनें एक गंभीर गोष्ट सांगून टाकली आहे. ज्याला आज्ञाधारक बायको हवी असते त्याला पुष्कळदां नकाराची भीति वाटत असते.

हीच गोष्ट फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्यें भयंकर रूप घेते. १९२७ च्या जानेवारींत बर्लिनमध्यें दाखविल्या गेलेल्या या भव्य मूकपटाची पटकथा थेआ फॉन हार्बू या लेखिकेची. वर मालकांचीं गगनचुंबी घरें, खालीं जमिनीच्या पोटांत कामगारांची नगरी. नगरीचा धनी फ्रेडरसन, आणि त्याचा जुना प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञ रोटवांग. दोघांचेंहि प्रेम हेल नांवाच्या एकाच स्त्रीवर होतें. तिनें फ्रेडरसनशीं लग्न केलें आणि मुलाला जन्म देतांना ती वारली. रोटवांगनें तिच्या आठवणींत धातूची यंत्रस्त्री घडविली, आणि त्या खटाटोपांत आपला एक हात गमावला. मूळ चित्रपटांतील पुष्कळसा भाग पुढें कापला गेल्यामुळें हेलची ही कथा कित्येक दशकें प्रेक्षकांस नीट ठाऊकच नव्हती. २००८ सालीं ब्युनॉस आयरिस येथें जुनी लांब प्रत सांपडली, तेव्हां यंत्रामागचें हें दुःख पुन्हां उजेडांत आलें.

यंत्रस्त्री आसनावरून उठते, सावकाश चालत येते आणि फ्रेडरसनपुढें हात करते. हजारों माणसांचा तो धनी बिचकतो. थोड्याच वेळांत मात्र तो तिला कामाला लावतो. कामगारांत मारिया नांवाची एक सात्त्विक मुलगी शांतीचा उपदेश करीत असते. तिचा चेहरा या यंत्राला देऊन कामगारांत फूट पाडावी असा त्याचा बेत. दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्म हिनेंच केल्या, आणि धातूच्या त्या जड कवचांतहि तीच होती. रोटवांगला या यंत्रांत मेलेली प्रिया हवी. फ्रेडरसनला हस्तक हवा. त्या यंत्राला स्वतःचें असें कांहीं असूं शकेल, हें दोघांच्याहि मनांत येत नाहीं.

आतां समाजाची बाजू पाहावी. मातीच्या ओबडधोबड गोलेमनें छत तोलून धरलें तरी लोक त्याला भीत होते. ही यंत्रस्त्री सर्वनाश करावयास आली, आणि तिच्या सुंदर मुखवट्यामुळें वरच्या नगरींतील शौकीन तरुण तिच्या नाचावर वेडे झाले, खालचे कामगार तिच्या एका शब्दावर यंत्रें फोडावयास धांवले. पुढें त्यांची नगरी पाण्याखालीं गेली. आपलीं मुलें बुडालीं असें वाटून त्यांनीं तिलाच चेटकीण म्हणून जाळलें. कातडी जळून आंतली धातु दिसली तेव्हां कोठें त्यांना कळलें, कीं आपण कोणाच्या मागें लागलों होतों. समाज माणूस कशावरून ओळखतो, या प्रश्नाला लांगनें दिलेलें हें उत्तर फारसें भूषणावह नाहीं.

३

तिसरें नातें अपत्याचें. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ ही कादंबरी १८१८ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां ती अवघी वीस वर्षांची होती. कादंबरींतला कृत्रिम मानव एका कुटुंबाकडे फटींतून पाहत पाहत भाषा शिकतो, ग्रंथ वाचतो आणि आपल्या कर्त्याला जाबहि विचारतो. १९३१ सालीं जेम्स व्हेल या दिग्दर्शकानें अमेरिकेंत जो बोलपट केला, त्यांत या प्राण्याची वाचाच काढून घेतली. त्यामुळें त्याची व्यथा कमी झाली नाहीं. ती सारी डोळ्यांत आणि हातांत उतरली.

या प्राण्याला नांव नाहीं. आपल्याकडे बाराव्या दिवशीं मुलाचें बारसें होतें. आत्या कानांत नांव सांगते आणि त्या क्षणापासून तें मूल घराचें होतें. फ्रँकेन्स्टाईननें आपल्या निर्मितीचें बारसें कधींच केलें नाहीं. बोलपटाच्या आरंभींच्या नामावळींत या पात्रापुढें नटाचें नांवहि न देतां केवळ प्रश्नचिन्ह छापलें आहे. लोकांनीं पुढें शास्त्रज्ञाचेंच नांव चुकून या प्राण्याला देऊन टाकलें. ही चूक हास्यास्पद मानली जाते; पण बापानें न दिलेलें आडनांव लोकांनीं दिलें, असाहि तिचा अर्थ करतां येईल.

त्या प्रश्नचिन्हामागें बोरिस कार्लोफ हा नट होता. त्याचें खरें नांव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७, लंडन. त्याच्या घराण्याचा आमच्या महाराष्ट्राशीं एक धागा जुळतो. त्याच्या आजीची सख्खी बहीण म्हणजे सयामच्या राजवाड्यांत शिक्षिका म्हणून गाजलेली अ‍ॅना लिओनोवेन्स. ती १८३१ सालीं तेव्हांच्या अहमदनगरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, जन्मली. तिच्या अंगांत हिंदी रक्त होतें असें संशोधक मानतात. तिनें मात्र आपला जन्म वेल्समधला असल्याचें सांगून खरें जन्मस्थान आयुष्यभर लपविलें. त्या काळच्या गोऱ्या समाजांत मानानें बसावयाचें तर तिला दुसरा मार्ग दिसला नसावा. जन्माची हकीकत सांगितली तर दार बंद होतें, हें ज्या घराण्यानें अनुभवलें, त्याच घराण्यांतील पुरुषानें ज्याच्यापुढें प्रत्येक दार बंद होतें अशा प्राण्याला अमर करावें, हा योगायोग विचार करावयास लावतो.

आतां दोन दृश्यें. पहिल्यांत शास्त्रज्ञ अंधाऱ्या खोलींत छताचें झडपें उघडतो. प्रकाशाचा झोत खालीं येतो. त्या प्राण्यानें उजेड कधीं पाहिलेला नसतो. तो मान वर करतो आणि दोन्ही हात उंचावून उजेड धरावयास पाहतो, जसें पाळण्यांतलें मूल चांदव्याकडे हात करतें. झडपें लगेच बंद केलें जातें. रिकामे हात पुढें करून तो विनवणी करतो. इतक्यांत शास्त्रज्ञाचा नोकर पेटता पलिता घेऊन येतो, प्राणी बिथरतो, आणि पांच मिनिटांपूर्वींचें बालक तळघरांत सांखळदंडांनीं जखडलें जातें. तो नोकर चाबूक व पलिता घेऊन त्याला छळतो. स्वतः शास्त्रज्ञ थकून घरीं निघून जातो आणि लग्नाच्या तयारीला लागतो.

दुसरें दृश्य तळ्याकांठचें. सुटून आलेल्या त्या प्राण्याला मारिया नांवाची लहान मुलगी भेटते. ती त्याला भीत नाहीं. हात धरून नेते आणि फुलें देते. दोघे पाण्यांत एकेक फूल टाकून तें कसें तरंगतें तें पाहतात. त्याच्या तोंडावर प्रथमच हंसूं उमटतें. फुलें संपतात. तेव्हां तो त्या मुलीलाच उचलून पाण्यांत टाकतो. तीहि तशीच तरंगेल असें त्याला वाटतें. ती बुडते, आणि तो घाबरून पळतो.

हें दृश्य लोकांस सहन झालें नाहीं. अनेक ठिकाणीं परीक्षकांनीं तें कापलें, आणि नंतरच्या प्रतींतूनहि तें गेलें. १९८० नंतर तें पुन्हां जोडण्यांत आलें. मधल्या काळांतील प्रेक्षकांना एवढेंच दिसे, कीं प्राण्याचे हात मुलीकडे वळले. आणि त्यानंतर दिसे तिचें प्रेत हातांत घेऊन गांवांतून चालणारा बाप. मधली फुलें गेलीं, हंसूं गेलें, घाबरणें गेलें. अजाणपणाची चूक कात्रीनें महापातक करून ठेवली. एखाद्याची हकीकत अर्धी सांगितली म्हणजे त्याला राक्षस ठरविणें किती सोपें होतें, याचा याहून चांगला दाखला चित्रपटांच्या इतिहासांत सांपडणें कठीण.

येथें कोणी म्हणेल, कीं ही दया भलत्या ठिकाणीं आहे. त्या प्राण्यानें माणसें मारलीं. शिवाय त्याच्या डोक्यांत गुन्हेगाराचा मेंदू बसविल्याचें चित्रपटच सांगतो. आक्षेप टाकाऊ नाहीं. मारियाच्या बापाला आमचें विवेचन ऐकविण्याचें धैर्य आम्हांस होणार नाहीं. आम्ही तर याहि पुढें जाऊन म्हणतों, कीं मारियाचा प्रसंग केवळ प्रेमळ स्वागतानें भागत नाहीं हेंच शिकवितो. मुलीनें त्याला स्नेह दिला. पण फूल तरंगतें आणि माणूस बुडतो, हें त्याला कोणीं शिकविलें होतें? तें शिकविणें सात-आठ वर्षांच्या पोरीचें काम नव्हतें. तें जन्मदात्याचें काम होतें, आणि जन्मदाता घरीं लग्नाच्या गडबडींत होता. राहिला मेंदूचा प्रश्न. त्याचें उत्तर याच दिग्दर्शकानें चार वर्षांनीं दिलें.

४

१९३५ चा ‘फ्रँकेन्स्टाईनची वधू’ हा बोलपट पहिल्याहून सरस आहे असें पुष्कळ जाणते मानतात, आणि आम्हांसहि तसेंच वाटतें. त्यांत एक धनगरीण पाण्यांत पडते, आणि तो प्राणी तिला बाहेर काढतो. मागच्या चित्रपटांत ज्यानें न कळत बुडविलें, तो आतां कळून वांचवितो. शुद्धीवर येतांच ती किंचाळते आणि शिकारी त्याच्यावर गोळी झाडतात.

जखमी होऊन रानांत हिंडत असतां त्याला सारंगीसारखे सूर ऐकूं येतात. एका झोपडींत एक आंधळा वृद्ध एकटाच व्हायोलीन वाजवीत बसलेला असतो. तो दार उघडतो. त्याला चेहरा दिसत नाहीं. दारांत कोणी तरी दुखावलेला, मुका मनुष्य आहे एवढेंच त्याला कळतें. तो त्याला आंत घेतो, बसवितो, खावयास देतो, जखमेला हात लावतो. मग देवाचे आभार मानतो, कीं एवढ्या वर्षांनीं आपल्या एकांतांत सोबती धाडला. त्या प्राण्याच्या डोळ्यांतून पाणी येतें.

पुढचे दिवस शिक्षणाचे. भाकरी, पेय, चांगलें, वाईट, मित्र असे एकेक शब्द वृद्ध त्याला शिकवितो. ज्या विस्तवाला पाहून तो वेडापिसा होत असे, त्या विस्तवाशींहि वृद्ध त्याची ओळख करून देतो. आक्षेपकांनीं या झोपडीकडे पाहावें. डोकें तेंच, मेंदू तोच, हातहि तेच. पण या छपराखालीं त्यानें कोणाचा केंसहि वांकडा केला नाहीं. येथें कोणी त्याला कामाला जुंपलें नाहीं, किंवा आपल्या मेलेल्या माणसाच्या जागीं बसविलें नाहीं. वृद्धाला सोबत हवी होती आणि त्यानें सोबत दिली. घेणें आणि देणें दोन्ही होतें. साऱ्या परंपरेंत समान नात्याचें असें दृश्य आम्हांस दुसरें आठवत नाहीं.

हें सुख दोन वाटसरूंनीं मोडलें. बंदुका घेतलेले दोन शिकारी वाट विचारावयास येतात, प्राण्याला ओळखतात आणि आंधळ्याला ‘सोडवूं’ लागतात. झटापटींत झोपडी पेटते. वृद्धाला ते ओढून नेतात, आणि तो प्राणी नुकत्याच शिकलेल्या शब्दानें मित्राला हांका मारीत राहतो. त्या शिकाऱ्यांना दुष्ट म्हणतां येणार नाहीं. शेजारधर्म म्हणूनच त्यांनीं हें केलें, आणि म्हणूनच तें दृश्य मनाला अधिक लागतें.

शेवटीं त्याच्यासाठीं जोडीदारीण घडविली जाते. मेरी शेलीची आरंभींची छोटी भूमिका आणि ही वधू, दोन्ही एल्सा लँचेस्टर या एकाच नटीनें केल्या. तो हात पुढें करून, शिकलेल्या त्याच शब्दानें, ती मित्र होईल का असें विचारतो. ती किंचाळून तोंड फिरविते. प्रयोगशाळा उडवून देण्यापूर्वीं तो आपल्या कर्त्याला व त्याच्या पत्नीला तेथून जाऊं देतो, ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेंतून निसटते. ज्या बापानें त्याला टाकलें, त्याचा संसार त्यानें राखला. आणि वधूच्या किंकाळीवरून आणखी एक धडा मिळतो: मैत्री कोणी कोणासाठीं घडवून देऊं शकत नाहीं. वृद्धानें दिली ती आपखुषीनें दिली होती.

५

दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम मानव पुन्हां सेवक झाला, पण यंत्राच्या सुरक्षित रूपांत. १९४२ सालीं आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह या लेखकानें आपल्या कथेंत यंत्रमानवांसाठीं तीन नियम घालून दिले, आणि माणसाला इजा करूं नये हा त्यांतला पहिला. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या बोलपटांतील रॉबी हा याच विचाराचा वंशज. दूरच्या ग्रहावर मॉर्बियस नांवाचा विद्वान मुलीसह राहतो. रॉबी त्यांचा स्वयंपाक करतो, मुलीला पोशाख शिवून देतो, आणि पृथ्वीवरून आलेल्या जहाजाच्या आचाऱ्याला मागितल्याबरोबर साठ गॅलन दारू गाळून देतो. त्याला नांव आहे, आवाज आहे, विनय आहे. सगळ्यांना तो आवडतो. आवडण्याचें कारण असें, कीं तो कांहींच मागत नाहीं. आम्ही सोमदेवाच्या लांकडी नगरींत परत आलों आहों कीं काय, असें वाटूं लागतें.

परंतु या कथेचा मर्मभाग निराळा आहे. ग्रहावर एक अदृश्य राक्षस माणसें मारीत असतो. तो कोणा यंत्राचा नसून मॉर्बियसच्याच मनाच्या तळांतून, त्याच्या नकळत, उठलेला असतो. मॉर्बियस रॉबीला त्या राक्षसाचा नाश करण्याची आज्ञा देतो. रॉबी जागच्या जागीं थिजतो. राक्षस म्हणजे आपला मालकच आहे हें त्यानें ओळखलेलें असतें, आणि मालक स्वतः अजून तें मान्य करीत नसतो. गोलेमच्या मदतनिसापासून मॉर्बियसपर्यंत ३६ वर्षांचा प्रवास एकाच ठिकाणीं येऊन पोंचतो: धोका आज्ञा घेणाऱ्याकडून थोडा आणि देणाऱ्याच्या न ओळखलेल्या मनाकडून फार.

पुढें १९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’ या चित्रपटांत, हुबेहूब माणसासारख्या कृत्रिम मजुरांना ओळखण्यासाठीं एक परीक्षा घेतली जाते. दुसऱ्याचें दुःख ऐकून डोळ्याची बाहुली हालते कीं नाहीं, हें त्या परीक्षेंत पाहतात. शेवटीं छपरावरून खालीं पडत असलेल्या मारेकऱ्याला हात देऊन वर घेतो तो कृत्रिम मानवच. आणि त्याचें स्वतःचें आयुष्य अवघें चार वर्षांचें, तेंहि संपत आलेलें. १९३१ पासून पुढें केलेला हात कोणीं धरला नव्हता. येथें त्याच हातानें माणसाला धरलें.

आज बोलणारीं यंत्रें कल्पनेंत राहिलीं नाहींत; तीं आपल्या घरांत आलीं आहेत. मुलें त्यांना प्रश्न विचारतात, एकटीं वृद्ध माणसें त्यांच्याशीं चार शब्द बोलतात. त्यांच्या आंत कांहीं जाणीव आहे कीं नाहीं हा वाद विद्वानांनीं करावा. तो येथें मिटणारा नाहीं. परंतु आपल्या घरांत आज्ञा घेणारें कोणी ना कोणी नेहमींच होतें. पाणी भरणारा गडी, धुणीं-भांडीं करणारी बाई, दुकानांतला पोऱ्या. त्यांना नांवानें हांक मारली का, दमलास का म्हणून विचारलें का, पानांत वाढलें तें कसें वाढलें, हे प्रश्न यंत्रें येण्यापूर्वींचेच आहेत. नव्या सेवकांशीं आपण जसे बोलूं, तशी आपल्या मुलांची जीभ वळेल, आणि ती जीभ जुन्या सेवकांपुढें बदलेल अशी खात्री आम्हांस वाटत नाहीं. घरांत एखादें काम करणारें आणलें म्हणजे त्याच्याबरोबर कांहीं देणेंहि घरांत येतें, एवढें या जुन्या चित्रपटांवरून कळलें तरी पुष्कळ झालें.

वेशीबाहेरच्या त्या मुलीनें गोलेमला नांव विचारलें नाहीं, गांव विचारलें नाहीं, कामहि सांगितलें नाहीं. हातांत जें होतें तें पुढें केलें. त्या वेळीं वेशीच्या आंत सगळी वस्ती आपल्या रक्षकाच्या भीतीनें दारें लावून बसली होती.